शेवटची ओळ पिवळी

तुम्ही खोटं लिहिलंत. साहेब, हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे आदराच्या शब्दांत आपला दोघांचा वेळ जायला नको. रिठदच्या अलीकडे पाझर तलावाचं काम चालू असताना मुरमाची दरड कोसळून दोन बाया गेल्या, आणि तुम्ही लिहिलंत की त्या काम करताना गेल्या नाहीत, सावलीला बसल्या असताना गेल्या. सावलीला. जणू ती सावली कुणा मामाच्या घरची ओसरी होती आणि या दोघी दुपारच्या तिथे सुपारी कातरत बसल्या होत्या. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात त्या माळावर बाभळीलासुद्धा पाला उरला नव्हता. खालचा शेळ्यांनी खाल्ला, वरचा माणसांनी तोडून शेळ्यांना घातला, आणि मग बाभळीच सरपणाला गेल्या. सावली फक्त एक होती. ती त्यांनी स्वतःच्या टिकावाने खणून काढली होती, तुमच्या मापाच्या खड्ड्यात, तुमच्या मुकादमाच्या डोळ्यांदेखत. तीच त्यांच्या अंगावर आली. त्यांतली एक रुख्मिणी, माझी बहीण. दुसरी प्रयागबाई, शालिग्रामची बायको. तुम्ही मला ओळखत नाही. पण तुमच्या खोलीच्या दारावर जी पितळी पाटी आहे, तिच्या अक्षरांतला काळा रंग माझ्या हातचा आहे. रोज सकाळी तुम्ही माझ्या हाताखालून आत जाता.

मी शेषराव. वाशीमच्या बाजारात, तांबटांच्या दुकानांपलीकडे रस्त्याच्या कडेला माझी पत्र्याची टपरी आहे. शाळा सातवीत सुटली, पुढचं वाचन पाट्यांवर झालं. डॉक्टर, वकील, सावकार, सभापती, सगळ्यांची नावं मी उलटीसुद्धा वाचू शकतो, कारण पाटी घासताना ती कशीही फिरवावी लागते. खोदणं माझं काम नाही. खोदतो तो बाबूलाल, शेजारच्या टपरीतला, आणि तो खोदतो असं की छन्नीचा आवाज ऐकून मला कळतं आता उकार आला, आता वेलांटी वळली. त्याच्याकडून पाटी माझ्याकडे येते तेव्हा ती मुकी असते. उजेडाकडे धरली तर अक्षरं दिसतात, जरा तिरपी केली की पितळात विरघळतात. मी ती निखाऱ्यावर धरतो. हात लावला तर चटका बसेल, इतकी तापली की लाखेची कांडी तिच्यावर फिरवतो. लाख वितळते, अक्षरांच्या चरांत उतरते, चरांबाहेरही पसरते, आणि सगळी पाटी काळी होते. एकही अक्षर राहत नाही. नवीन गिऱ्हाईक हे पाहतं तेव्हा त्याचा चेहरा उतरतो. कामरगावचा एक किराणा दुकानदार तर ओरडलाच होता, "अबे, माह्यं नाव बुजवलं की!" त्याच्या पाटीचा वेगळाच तमाशा होता, बापाचं नाव वर की लेकाचं यावर घरात अबोला होता, आणि शेवटी म्हातारा स्वतः टपरीवर येऊन म्हणाला, "मी अजून जिता हावो, माह्यं वर टाक, मेल्यावर खाली घेजो." तर लाख थंड झाली की मी ती पट्टीने खरवडतो, मग दगडाने, मग पाणी आणि कोळशाच्या भुकटीने घासत जातो. आधी पितळाचा एक डाग उघडा पडतो. मग त्या डागात एखादी मात्रा. मग अर्धा शब्द. हे बारा वर्षं करतोय तरी पहिलं अक्षर वर येतं तेव्हा माझा श्वास अडकतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो आनंदाने अडकायचा. आता घासताना मला मुरूम दिसतो, आणि मुरमाखालून काय वर येईल याची भीती वाटते. कुणाच्याही नावाची पाटी असो. सावकाराच्या नावाचा काना वर येतो आणि मला वाटतं, हे बोट आहे.

आज जेवणाआधी तुमचा ओव्हरसियर माणिकराव आला. काखेत तलावाची पाटी, बाबूलालने कालच खोदून संपवलेली. ती त्याने माझ्या पुढ्यात पोत्यावर ठेवली. वर तुमच्या खात्याचं नाव, त्याखाली तलावाचं, मग उद्या ज्यांच्या हातून पडदा सरकायचा आहे त्यांचं, सगळ्यांत ठसठशीत. आणि तळाला, जागा उरली म्हणून घातल्यासारखी, एक बारीक ओळ: या कामी प्राण गेलेल्या रुख्मिणी व प्रयागबाई यांच्या स्मरणार्थ.

"उद्या सकायी पायजे, शेषराव," तो म्हणाला. "अकोल्याहून पाहुणे येऊन राह्यले. सागाच्या फळीवर बसवून, पालीस मारून, तयार."

"भेटते."

"वरच्या साऱ्या लाइनी काया. आन् ही शेवटची," त्याने त्या ओळीवर अंगठा ठेवला, "ही पिवयी भर."

मला वाटलं थट्टा करून राह्यला. "पितळावर पिवयी? दिसन कशी?"

"तेच त. दिसाची कायले?"

"मंग घासून टाका ना सरळ."

"घासली त गाव बोंबलते. नाव खोदून देऊ म्हनून साहेबानं बांधावर उभं राहून शब्द देल्ला होता. खोदून देल्ली. रंगाचं कोनी बोललंच नव्हतं." तो हसला. दातांच्या फटींत कात बसलेला. "ते 'या कामी' लय खटकते, बावा. 'या कामी' वाचलं की पाहुना विचारन, कोन्त्या कामी? मंग चौकशी, मंग कागद. तू रंगारी हायेस, तू रंगव. तुही टपरी कोनाच्या जाग्यावर हाये ते मले मालूम हाये."

"त्या दोघी कोन होत्या, मालूम हाये काय?"

"असतीन कोनी," माणिकराव म्हणाला. "सावलीले बसल्या होत्या." आणि सायकलीला टांग मारून गेला.

त्याच्या अंगठ्याला पानाचा चुना होता. तो रुख्मिणीच्या नावात बसला, नेमका 'ख्मि'च्या पोटात. बाकी सगळी ओळ पितळात विरलेली आणि मधे तेवढं एक जोडाक्षर पांढरं. मी फडक्याने पुसायला गेलो तर चुना आणखी आत गेला. मी सांगितलं नाही की ती माझी बहीण. का सांगितलं नाही याचा मी विचार करत बसलो, निखारे पेटवलेले, फुंकणी हातात, आणि फुंकत नव्हतो. भीती म्हणावी तर भीती नव्हती. टपरी जायची असेल तर जाईल, हात तर माझ्यापाशीच राहतील. मला वाटतं, त्याच्या तोंडून आणखी एक वाक्य ऐकायला मी तयार नव्हतो. 'अरेरे' म्हणाला असता. 'अरेरे, तुही बहीन व्हय काय,' आणि मग तेच म्हणाला असता: पिवयी भर. तो 'अरेरे' मला नको होता.

रुख्मिणीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला तिचं नाव येत होतं, पण बोटाला. तिच्या लग्नात आंदणाला एक पितळी तांब्या दिला होता आणि त्यावर नाव घालायला आम्ही बाबूलालकडेच आलो होतो. भांड्यावरचं नाव खोदत नाहीत, बारीक छन्नीने ठिपका-ठिपका ठोकून उमटवतात. त्या ठिपक्यांवरून तिने बोट फिरवलं आणि विचारलं, "हे माह्यं व्हय?" मी तिचं बोट धरून 'र' वरून नेलं, खालचा उकार दाखवला. पुढे तिने ते नाव अंधारात ओळखायला शिकून घेतलं. इंझोरीला सासरी पाणी भरायच्या जागी साऱ्यांचे तांबे एकसारखे, ही डोळे मिटून बोट फिरवून आपला उचलायची आणि बाया हसायच्या. नवरा दुसरी करून बसला तेव्हा ती त्या घरातून फक्त तांब्या घेऊन निघाली. माहेरी आली ती माझ्याच टपरीसमोर एस्टीतून उतरली, काखेत तांब्या, आणि मला काही विचारू न देता म्हणाली, "काहून रे, तू साऱ्या दुनियेच्या नावात रंग भरतं, माह्या नावात काहून नाई भरत?" मी म्हणालो, रोज राखेने घासायचं भांडं ते, रंग टिकत नाही. "मंग तुह्यं काम फक्त भिंतीवरच्या लोकायसाठी हाये," ती म्हणाली, "पानी पेनाऱ्यायसाठी नाई." आणि हसली. तिचं हसणं असं होतं की समोरच्याला आपण काहीतरी चुकलोय असं वाटावं आणि राग येऊ नये. मी तिला म्हणालो होतो की इथेच राहा वाशीमला. ती म्हणाली, मायले कोन पाहीन, आणि रिठदला गेली. मग दोन वर्षं पाऊस पडला नाही.

तुमच्या कामावर मजुरी मापाने. खड्डा जेवढा खोल, तेवढी. आणि माप कळावं म्हणून खड्ड्याच्या मधे मातीचा एक खांब तसाच सोडायचा, मूळ जमीन किती उंच होती ते दाखवायला. बाया त्याला साक्षीदार म्हणायच्या. वरचा थर फरशीसारखा कडक, टिकाव मारला की हाताला झिणझिण्या. खालचा मुरूम मऊ, विटकरी, भुरभुरणारा. मग कोण वरून खणेल? सगळ्या बाया पोटातून खणायच्या, वरचं छप्पर तसंच लोंबतं ठेवून. ते छप्पर शेवटी सब्बलीने पाडलं की एकदम मोठं माप मिळतं. हे तुमच्या मुकादमाला माहीत नव्हतं असं लिहू नका. तो त्या छपरावर उभा राहून टेप सोडायचा. मी एकदा गेलो होतो, बाजाराच्या सुट्टीला, गूळ-शेंगदाणे घेऊन. ऊन असं की दूरचा बांध पाण्यासारखा हलत होता. ती मला दिसेना. मग त्या कपारीतून हाक आली, "इकडे ये रे, आमच्या घरात." आत गेलो आणि एकदम अंग गार झालं. ओल्या मातीचा वास. त्या वर्षी ओल्या मातीचा वास फक्त तिथे होता. रुख्मिणी आणि प्रयागबाई पाय पसरून बसल्या होत्या, भाकरी सोडलेली, मधे तांब्या. प्रयागबाई गावातली, आम्ही बौद्धवाड्यातले. गावात तिच्या रांजणाला आमचा हात लागत नव्हता. "पैल्या दिसी वरून धार धरून पेली," रुख्मिणीने तिच्यासमोरच सांगितलं. "अर्धं पानी नाकात गेलं, अर्धं पदरात. दुसऱ्या हप्त्यात म्हने, आन तो तांब्या इकडे." प्रयागबाई तोंडातला घास आवरत म्हणाली, "धर्म पाहू का पानी पाहू, वं? आधीच वाटीभर राह्यते." आणि तिने माझ्यासमोर मुद्दाम तांब्याला तोंड लावून पिऊन दाखवलं, मला डिवचायला. मी वर पाहिलं. छपरातून एक मुळी लोंबत होती, मेलेल्या बाभळीची. मुळीच्या बाजूने एक चीर होती, केसासारखी. माझ्या डोळ्यांना खोदलेल्या रेघा चटकन दिसतात. मी म्हणालो, "हे वरचं पाडून घ्या." रुख्मिणी म्हणाली, "पाडलं त बसू कुठी? तुह्या टपरीत?"

ती चीर मला अजून दिसते. झोपताना नाही, जागेपणी. कुणी पाटी घेऊन येतं, मी ती उजेडात धरतो आणि नाव बघायच्या आधी चीर शोधतो.

मला निरोप एस्टीच्या वाहकाने आणून दिला होता. मी पोचलो तेव्हा दोघींना काढून बांधावर निजवलं होतं, तोंडावर पदर. त्यांच्या अंगावरचा मुरूम कुणी झटकला नव्हता. खड्ड्यात फक्त साक्षीदार उभा होता, मातीचा, सरळ, आणि त्याच्यावर प्रयागबाईची भाकरीची फडकी वाळत होती. शालिग्राम माझ्याकडे आला. त्याच्या हातात तांब्या. एका बाजूने चेपलेला, तोंडापर्यंत मुरूम भरलेला. "हा तुमचा व्हय," तो म्हणाला. "तिच्या हातात होता. माह्या घरवालीच्या." मी तांब्या घेतला तर नावावर नेमकं बोट पडलं, ठिपक्यांवर. मायने तो मुरूम अजून ओतून टाकलेला नाही. वाशीमला माझ्याकडे राहायला आली ती तांब्या तसाच भरलेला घेऊन. टपरीमागच्या गल्लीत माझी खोली आहे, तिथे तो कोनाड्यात उभा आहे. कुणी पाहुणा तहान लागली म्हणून तिकडे हात नेतो आणि माय फक्त म्हणते, "तो नाई."

मग तुमचं लिहिणं आलं, अपघाताचा अहवाल. भोजनसुट्टीची वेळ होती. मजूर कामाच्या जागी नव्हते. आडोशाला, सावलीस बसले होते. माझ्या हातून इतकी अक्षरं गेली, पण इतकी गुळगुळीत घासलेली ओळ मी पाहिली नव्हती. कुठे बोट अडकत नाही. काम पुरं व्हायला आलं तेव्हा रिठदची माणसं बांधावर जाऊन बसली, गावातली आणि बौद्धवाड्यातली, एका रांगेत, त्या गावात अशी रांग कधी लागली नव्हती. आणि म्हणाली, पैसा-अडका राहू द्या, त्यांचं नाव लावा. तुम्ही जीपमधून उतरलात. तुम्ही मान हलवलीत. तुम्ही म्हणालात, खोदून देऊ.

निखारे पांढरे होत आले. तेवढ्यात बाबूलाल छन्नी ठेवून माझ्याकडे येऊन बसला. त्याने माणिकरावचं बोलणं ऐकलं होतं, टपऱ्यांच्या मधे एकच पत्रा आहे. त्याने पाटी उजेडाकडे तिरपी केली. मग म्हणाला, "ह्या पोरीचं नाव मी दोन डाव कोरलं. एक डाव लग्नात." तो आणखी जवळ सरकला. "सुन भाई. पिवयी भर."

"तू बी?"

"पूरी बात त सुन. पिवयी भर, वरून वार्निश नको मारू. माणिकरावच्या बापाले कळत नाई. उद्या पाटी सारी सोन्यावानी चमकन, लाइन दिसनार नाई, पाहुने लाडू खाऊन जातीन. मंग दोन पावसाळे जाऊ दे. पितळ उघडं हाये, काळं पडन. लाख त काळी पडत नाई ना? मंग काय दिसन?" त्याने हवेत बोटाने ओळ ओढली. "काळ्यावर पिवयं. एकटी तेवढीच लाइन चमकन. साले पाहत राहतीन."

खरं सांगतो, साहेब, माझ्या अंगावर काटा आला. इतकं ते सुंदर होतं. मी पाहिलंसुद्धा ते: पावसाने धुतलेला बांध, काळवंडलेली पाटी, तुमचं खातं काळ्यात काळं झालेलं, पाहुण्यांचं नाव बुडालेलं, आणि तळाला दोघी पिवळ्याधमक. मी पिवडीची पुडी काढली. पिवळी लाख मळायला घेतली, बोटं हळद लागल्यासारखी झाली. टपरी वाचणार होती, नाव वाचणार होतं, कुणाशी भांडण नाही. आणि तिथेच माझं मन अडलं. दोन पावसाळे. म्हणजे रुख्मिणीने आणखी दोन पावसाळे खाली पडून राहायचं, दबा धरून, पितळ सडायची वाट पाहत. त्या दिवशी ती किती वेळ खाली होती हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टिकाव वापरला तर त्यांनाच लागेल म्हणून हाताने माती काढावी लागली, एवढंच शालिग्राम बोलला होता. मी तिला पुन्हा झाकू, आणि हुशारीने झाकलं म्हणून खुश होऊ? आणि दोन पावसाळ्यांनी तुमची बदली झालेली असेल. ज्याने वाचायला पाहिजे तोच तिथे नसेल. तलावावर पाणी प्यायला आलेली गुरं वाचतील.

"नको," मी बाबूलालला म्हणालो.

"अबे, तू रंगारी हायेस का वकील हायेस?"

"तू दोन डाव कोरलं. माह्यावाला एक डाव त भरू दे."

तो उठला. पत्र्यापलीकडे गेला.

त्याच वेळी माय भाकरी घेऊन आली. तिला आता डोळ्यांनी धड दिसत नाही. टपरीच्या खांबाला हात लावून ती आत येते. तिला ठाऊक होतं पाटी आली आहे. पदराने हात पुसून ती पोत्यावर बसली आणि म्हणाली, "तिचं नाव कोन्त्या अंगाले हाये रे?" मी तिचा हात धरून तळाच्या ओळीवर ठेवला. तिचं बोट पितळावरून सरकत गेलं, चार शब्द ओलांडले, आणि थांबलं. तिलाही वाचता येत नाही. पण रुख्मिणी तांब्यावर बोट फिरवायची तेव्हा ती शेजारी बसलेली असायची, आणि त्यानंतरची सगळी वर्षं तिचंही बोट त्याच ठिपक्यांवरून फिरत आलंय. "हे व्हय," ती म्हणाली. "तांब्यावरच्यापेक्षा मोठं केलं बाबूलालनं." मग बोट त्या चुन्याशी आलं. "हे काय भरलं रे याच्यात? गार लागते."

"चुना हाये."

"आता तू काय भरशीन?"

काळा म्हणू? काळा मी तुमच्या नावात भरतो, सावकाराच्या नावात भरतो. ज्या लाखेने तुमचं नाव वर येतं तीच लाख हिच्या पोटात घालू? हे मला आतापर्यंत सुचलंच नव्हतं. मी पिवळा आणि काळा एवढ्यातच घुटमळत होतो, तुम्ही आखून दिलेल्या दोन रंगांत. मायचा हात अजून पाटीवर होता. तिची नखं मला दिसली, आणि मला खोलीतला कोनाडा दिसला.

"माय, तो तांब्या दे."

"कायले?"

"रंग नाई माह्यापाशी."

ती जागची हलली नाही. तिचं तोंड हलत होतं, भाकरी नव्हती तोंडात. मग उठली, खांब धरून बाहेर पडली, आणि परत आली ती दोन्ही हातांनी तांब्या धरून, पाण्याने भरलेला असावा तसा, सांडू नये म्हणून हळूहळू. "सारा नको घेऊ," ती म्हणाली.

मी मूठभर घेतला. वरचा थर दोन वर्षांत घट्ट बसला होता, खाली अजून भुसभुशीत. खलात कुटला, फडक्यातून गाळला, पुन्हा कुटला. त्यात एक बारीक मुळी निघाली, केसासारखी. ती मी बाजूला ठेवली. भुकटी लाखेत मळली तेव्हा रंग आला तो मी आधी कधी केलेला नव्हता. हिंगुळासारखा लाल नाही. भाजलेली वीट फोडली की आत असतो तसा. वरच्या ओळींत काळी लाख भरली, तुमच्या मनासारखी. मग पाटी फिरवून तळाचा भाग निखाऱ्यावर धरला आणि कांडी टेकवली. लाख वितळली आणि ओल्या मातीचा वास आला. खोटं वाटेल तर वाटू द्या. मायलाही आला, तिने मान वर केली. चुना मी आधी काट्याने उकरून काढला होता, माणिकरावचा अंगठा त्यात राहायला नको होता. रुख्मिणी भरली, प्रयागबाई भरली, 'या कामी' दोनदा भरलं, कुठे पोकळ राहू नये म्हणून. सगळी पाटी बुजली. वर काळी, खाली तांबडी, एकही अक्षर नाही. मी थंड व्हायची वाट पाहत बसलो. आता घासायचं होतं.

घासताना मी डोळे मिटले. कोळशाचं पाणी, दगडाची करकर, हाताखाली लाख कमी कमी होत गेलेली. नेहमी लाख आणि पितळ एका पातळीला आणतो, बोट फिरवलं तर काचेसारखं लागलं पाहिजे, त्यालाच लोक पैसे देतात. त्या ओळीत मी तसं केलं नाही. बोटाला चर लागत गेले तसतशी काट्याने लाख त्यांतून जराशी उकरून घेतली, अक्षर थोडं खोल राहील एवढी. डोळे उघडले तेव्हा 'रु' वर आला होता. माझा श्वास अडकला, पण बोट दिसलं नाही. नाव दिसलं. मायने बोट लावलं, फिरवलं, आणि म्हणाली, "लागते." मग बाबूलाल पत्र्यावरून वाकून पाहत होता तो म्हणाला, "अबे, हा कोन्ता रंग व्हय?" त्याने मायच्या मांडीवरच्या तांब्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सागाची फळी पॉलिश करून वाळत घातली आहे. पाटी तिच्यावर बसवायची राहिली आहे, ती सकाळी बसवीन. वार्निश सगळीकडे मारीन, तळाच्या ओळीवर जरा जाड. ती उद्याही दिसेल आणि दोन पावसाळ्यांनीही दिसेल. उद्या माणिकराव येईल, पाहील, शिव्या देईल. पाटी बदलायला त्याच्यापाशी दुसरी नाही आणि पाहुणे वाटेत असतील. मी, माय आणि बाबूलाल एस्टीने येतोय, पाटी माझ्या मांडीवर असेल. ती तुम्ही फेकणार असाल तर रिठदच्या माणसांसमोर फेका. शालिग्राम तिथे असेल. लावणार असाल तर लावा, आणि पडदा सरकला की कुणीतरी विचारेलच, वर सगळं काळं आणि खाली हे तांबडं कसलं. मी आपणहून बोलणार नाही. मला विचारलं तर सांगीन, मुरूम आहे. तो मुरूम कुठला, हे तुम्हाला ठाऊक आहे.

माझा प्रश्न वेगळा आहे, आणि तो मी तुम्हाला बांधावर, माय शेजारी उभी असताना विचारणार आहे. तिथून सगळा माळ दिसतो. त्या दोघींनी खणलेली सोडून, त्या माळावर त्या दिवशी बसायला दुसरी सावली कुठे होती? कागदावर नको. बोट करून दाखवा.